लेकराची लस का टळते?

२०२२ ला लम्पी आला तेव्हा जनावरांना लस टोचून घ्यायला आपण डॉक्टरांच्या मागं लागलो. लेकराच्या लसीला मात्र काही घरांत "पुढच्या वेळी बघू" होतं. ही माणसं अडाणी नाहीत. लम्पीच्या गाठी डोळ्यांसमोर होत्या; पोरांचा घटसर्प, डांग्या खोकला आता फारसा दिसत नाही. दिसतो तो लसीनंतरचा ताप. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटनंतर लेकरू रात्रभर किरकिरतं, आईचा खुरपणीचा रोज बुडतो.

लाळ्या-खुरकूतच्या लसीनंतर दोन दिवस दूध कमी होतं, हे आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणून आपण घाबरत नाही. लेकराच्या तापाचं तसंच आधी सांगितलं, तर अफवेला जागा उरत नाही. "काही होत नाही" म्हणून भागत नाही.

ताप किती दिवस राहील, औषध किती द्यायचं, हे नर्सताईंना तिथंच विचारा. ऊसतोडीला जाताना लसीचं कार्ड सोबत न्या. तिकडच्या सरकारी दवाखान्यातही लस मोफत आहे. गोवर गेलेला नाही. २०२२ लाच मुंबईत गोवंडीला त्यानं लेकरं दगावली. नवव्या महिन्यानंतर पहिला, दीड वर्षाच्या आसपास दुसरा, दोन्ही डोस घ्या.