जुन्या नकाशांतलें गांव

दिंडोरीच्या आमच्या घरीं माळ्यावरची पेटी गेल्या महिन्यांत उघडली, तेव्हां तींत कापडावर चिकटविलेला एक जुना नकाशा सांपडला. आजोबांनीं तो स्वातंत्र्यापूर्वीं केव्हां तरी मिळविला असावा. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४६ एच या मालेंतील हा ताव; प्रमाण एक इंचास एक मैल. समान उंचीच्या स्थळांस जोडणाऱ्या तपकिरी रेषा सप्तशृंगाच्या बाजूस इतक्या दाटल्या आहेत कीं, शाई सांडल्याचा भास व्हावा. कादवेच्या खोऱ्यांत मात्र त्या ऐसपैस पसरलेल्या. तिपाईवर सपाट फळी ठेवून, दूरच्या शिखरांकडे नेम धरून, मोजणीदार जागच्याजागीं अशा रेषा ओढीत. त्यांच्या कामास आधार होता तो लँबटननें १८०२ सालीं मद्रासेजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय मोजणीचा.

आमच्या मातोश्रींचें माहेर याच खोऱ्यांतलें. वय पंचाऐशी, तरी चष्मा पुसून त्यांनीं नदीकांठच्या एका ठिपक्यावर अचूक बोट ठेविलें. नातवानें शेजारीं आपला मोबाइल धरला.

"पणजी, इथें तर नुसतें पाणी आहे!"

"पाणी मागाहून आलें, बाळ. मारुती आधींचा."

कादवेवर करंजवणचें धरण झालें, त्या जलाशयांत तें गांव गेलें. त्याच पाण्यावर आज तालुक्यांतील द्राक्षबागा पोसतात. आम्हीही तीं द्राक्षें खातों, तेव्हां तक्रार कोणाकडे करावी?

याच्या उलट प्रकार दूर अलास्काच्या किनाऱ्यावर घडला. १७९४ सालीं व्हँकूव्हरच्या लोकांस जेथें बर्फाची भिंत आडवी आली, तेथें १८७९ सालीं जॉन म्यूर पोहोंचला, तों बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागें हटून समुद्र आंत शिरला होता. तिकडील नकाशांत जमिनीवरील उंचीच्या रेषा तपकिरी, तर हिमनदीवरील निळ्या छापतात. हा संकेत नातवास फार आवडला. पणजीच्या गांवावर आपण निळी पेन्सिल फिरवूं, असें तो म्हणाला. मातोश्रींनीं ती काढून घेतली.

मग त्यांनीं मला मारुतीपासून नदीपर्यंतचें अंतर मोजावयास लाविलें. पट्टीनें पाव इंच भरलें. म्हणजे दोन फर्लांग.

"इतकेंच? घागर घेऊन किती लांब वाटायचें!" मोजणीदाराची चूक झाली आहे, असें त्या अद्याप म्हणतात.