यंत्राला साडी कोण नेसवतं?

यंत्राची नोकरी आधी ठरते आणि त्यावरून त्याचं लिंग ठरतं. पटत नसेल तर आपल्याच देशातल्या यंत्रमानवांची हजेरी घेऊन बघा. 2019च्या फेब्रुवारीत केरळ पोलिसांनी तिरुवनंतपुरमच्या मुख्यालयात एक यंत्रमानव नेमला. हुद्दा उपनिरीक्षकाचा, रूप बाईचं. काम काय, तर आल्यागेल्याला सलाम ठोकायचा आणि कुठे जायचं ते सांगायचं. यामागे महिला सक्षमीकरणाचा विचार आहे, असंही तेव्हा कौतुकाने सांगितलं गेलं. फौजदारीणबाईंना तपासावर धाडलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. 2023 मध्ये ओडिशाच्या एका वाहिनीवर लिसा ही आभासी निवेदिका बातम्या द्यायला आली ती हातमागाची साडी नेसून. 2024 मध्ये केरळातल्या एका शाळेत आयरिस शिकवायला आली, तीही साडीतच. वायरी झाकायला पदर लागतो, हे मला इंजिनीअर मंडळींकडूनच कळलं.

आता पुण्याला या. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत तयार झालेला एक यंत्रमानव जिने चढतो, बेवारस पेटीची क्ष-किरण तपासणी करतो, पाण्याच्या फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतो. त्याचं नाव दक्ष. तोही हुकमाचा ताबेदारच, लांबून कुणी कळ फिरवल्याशिवाय जागचा हलत नाही. तरी त्याला दक्षा म्हणावं, त्याच्या चाकांवर काठपदर सोडावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. म्हणजे निव्वळ ऐकण्यासाठी बाई लागते असं नाही. हसून ऐकायचं असेल तिथे लागते.

इस्रोची व्योममित्रा तर या सगळ्यांवर कडी आहे. 2020च्या जानेवारीत बंगळुरूत तिला लोकांसमोर आणलं. कमरेखाली काही नाही, पण चेहरा सुबक. गगनयान या अंतराळयानातली कळफलकाची कामं ती करणार, आतल्या स्थितीवर लक्ष ठेवणार, हे खरंच महत्त्वाचं आहे. पण ओळख करून देताना तिच्या तोंडी आणखीही काही घातलं होतं : मी अंतराळवीरांना सोबत करीन, त्यांना ओळखीन, त्यांच्याशी बोलेन. गगनयानासाठी निवडलेले चारही अंतराळवीर पुरुष. निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली आणि त्यांत बाई नव्हती, असं त्याचं कारण दिलं जातं. असेलही. मात्र माणसं पाठवण्याआधी रिकामं यान उडवून बघायचं म्हटल्यावर बाई लगेच मिळाली. मिळत नव्हती म्हणून बनवून घेतली.

बँकांचं काय सांगावं? एकीची यांत्रिक मदतनीस इवा, दुसरीची सिया, रेल्वेची तिकिटं काढायला गेलात तर दिशा. खात्यातली शिल्लक बघायला आलोय की स्थळं बघायला, असा प्रश्न पडतो. आणि विचारलं की उत्तर तयार : ग्राहकांना बाईचा आवाज आवडतो. गोड, विश्वासू, आपलासा वाटतो.

या उत्तराचा मला संताप येतो, कारण ते अर्धंच सांगितलं जातं. स्टॅनफर्डचे प्राध्यापक क्लिफर्ड नास एक किस्सा सांगत. 1990च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बीएमडब्ल्यूने गाडीत रस्ता सांगणारा बाईचा आवाज बसवला. चालकांनी तक्रारींचा पाऊस पाडला, बाईने सांगितलेल्या रस्त्याने आम्ही जाणार नाही! कंपनीला तो आवाज मागे घ्यावा लागला. म्हणजे तोच गोड आवाज ‘काय हवं?’ विचारतो तेव्हा आवडतो, ‘डावीकडे वळा’ म्हणतो तेव्हा टोचतो. नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकच मजकूर पुरुषी आवाजात आला तर लोकांना तो संगणकाच्या विषयात जास्त जाणकार वाटतो आणि बाईच्या आवाजात आला तर प्रेम आणि नातेसंबंधांत. संशोधकांनी दाखवलेला हा आजार कंपन्यांनी औषधाची चिठ्ठी समजून वाचला. आणि आवड म्हणाल, तर 2011 मध्ये ॲपलच्या फोनमधली सिरी अमेरिकेत बाई होती, त्याच वेळी ब्रिटनमध्ये बुवा. तिथे कुणी फोन फेकून दिल्याचं ऐकलं नाही. 2021 मध्ये ॲपलने इंग्रजी सिरीसाठी आवाज ग्राहकालाच आधी निवडायला लावला. दहा वर्षं लागली एक प्रश्न विचारायला.

त्या दहा वर्षांत काय शिकवलं गेलं? सिरीला इंग्रजीत घाणेरडी शिवी दिली की ती म्हणायची, लाजता आलं असतं तर लाजले असते. 2019 मध्ये युनेस्कोने आपल्या अहवालाला हेच वाक्य नाव म्हणून दिलं, तोवर हे उत्तर बदललेलं होतं. पण कुणीतरी पगार घेऊन ते लिहिलं होतं, कुणीतरी तपासलं होतं, कुणीतरी मंजूर केलं होतं. आमच्या नात्यातले एक काका दिवाणखान्यातल्या बोलक्या डबीला पाहुण्यांसमोर ‘ए, बहिरी आहेस का?’ म्हणून ओरडतात आणि ती नम्रपणे माफी मागते. पाहुणे हसतात. काकूही हसतात. नातू शेजारी बसून सगळं टिपून घेत असतो.

आणि पुरुषाचा आवाज हवा असता तर? 2021 मध्ये अलेक्सावर अमिताभ बच्चन यांचा आवाज आला, वर्षाला 149 रुपयांत. तेव्हा बाई उपकरणासोबत फुकट होती, बुवाचे पैसे वेगळे होते. तारांकित आवाज आहे, मोल द्यावं लागतं, हे मला मान्य. पण घरकामाचा हिशेब आपल्याकडे पूर्वीपासून असाच होत आला आहे, म्हणून या दरपत्रकाचं कुणाला नवल वाटलं नाही.

बाईचा आवाज काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. दिघीतल्या दक्षला तो द्या, ‘मागे सरका’ म्हणून बजावण्यासाठी. बँकेच्या चौकशीला एखादे घोगऱ्या आवाजाचे भाऊसाहेब बसवा, ‘थांबा हं, बघतो’ म्हणू देत त्यांना दिवसभर. आणि शिवी ऐकल्यावर मराठी यंत्राने काय उत्तर द्यावं हे ठरवायला कंपनीने सभागृहात सल्लागार गोळा करू नयेत. मालवणातल्या कुठल्याही आजीला गाठावं. दहा-बारा उत्तरं ती उभ्या उभ्या देईल. मानधन मात्र बच्चन यांच्या दराने.