विमान आपलं, पाना कोणाचा?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानाने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ पासून, म्हणजे तब्बल बासष्ट वर्षं हे विमान आपल्या सेवेत होतं. कोणी त्याच्या १९७१ च्या कामगिरीबद्दल लिहिलं, कोणी अपघातांचा हिशोब मांडला. दोन्ही बरोबरच आहे. पण इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला पडायला हवा तो प्रश्न मात्र मागेच राहिला. आता या विमानांचं करायचं काय? रंग देऊन चौकात उभी करायची, संग्रहालयात ठेवायची, की त्यातलं एखादं तरी चालू स्थितीत जपायचं?

जुनी लष्करी विमानं दुरुस्त करून उडती ठेवणं म्हणजे श्रीमंत देशांचे चोचले, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. जिथे नव्या विमानांना पैसे पुरत नाहीत तिथे ही जुनी धुडं कशाला सांभाळायची? प्रश्न चुकीचा नाही. तरीही माझं मत असं आहे की काही विमानं उडती ठेवलीच पाहिजेत. सगळी नाहीत, मोजकी आणि नीट पारखून. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दुरुस्त करण्याचं काम आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी करायला हवं. कारण खरा वारसा विमानाच्या पत्र्यात नाही, तो पत्रा बसवणाऱ्या हातात आहे.

हे काही नुसतं भावनिक बोलणं नाही. आपल्या हवाई दलाचा जड बॉम्बर विमानांचा पहिला ताफा चक्क भंगारातून उभा राहिला होता! दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरजवळच्या चकेरीच्या तळावर अमेरिकन बनावटीची बी-२४ लिबरेटर विमानं पडून होती. ती पुन्हा कोणाला उडवता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. १९४८ साली हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यात हात घातला. एकाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचं शेपूट असं जमवत त्यांनी विमानं उडण्याइतकी ठीक केली. जमशेद मुन्शी नावाचे टेस्ट पायलट ती कानपूरहून बंगळूरला घेऊन जायचे आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती व्हायची. अशी चाळीसच्या आसपास विमानं तयार झाली आणि थेट १९६८ पर्यंत हवाई दलाने ती वापरली. आजच्या भाषेत सांगायचं तर हा जुगाड नव्हे, हे पक्कं इंजिनीअरिंग होतं.

पुढची गोष्ट अजून मजेशीर आहे. निवृत्त झाल्यावर यातली काही लिबरेटर इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडातल्या संग्रहालयांत गेली. एक विमान अमेरिकेतल्या कॉलिंग्स फाउंडेशन या संस्थेने घेतलं, त्याचा नट-बोल्ट न् नट-बोल्ट सोडवून ते पुन्हा जुळवलं, आणि १९८९ साली ते पुन्हा उडालं. महायुद्धात हजारोंच्या संख्येने बनलेल्या या जातीची पुन्हा उडवली गेलेली विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं एक आपल्या लोकांनी भंगारातून वाचवलेलं!

म्हणजे १९४८ मध्ये ही कला आपल्याकडे होती. आता २०१२ मध्ये या. हवाई दल दिनाला हिंडनच्या तळावर टायगर मॉथ हे जुनं शिकाऊ विमान अनेक वर्षांनी पुन्हा आकाशात दिसलं. फार छान झालं. पण त्याची दुरुस्ती झाली होती इंग्लंडमध्ये. २०१८ मध्ये डाकोटा आलं. राजीव चंद्रशेखर यांनी भंगारात चाललेलं एक डाकोटा विकत घेऊन, दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचेच वैमानिक होते. विमानाला 'परशुराम' नाव दिलं आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक दिला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डाकोटाचा हा क्रमांक. एप्रिल २०१८ मध्ये हे विमान इंग्लंडहून निघालं आणि टप्पे घेत घेत स्वतःच्या पंखांवर जामनगरला पोचलं. अभिमान वाटावा अशीच घटना आहे. पण पुन्हा तेच, दुरुस्ती इंग्लंडमध्ये! विमान आपलं, इतिहास आपला, वैमानिक आपले... आणि पाना? तो कोणाचा?

यावर कोणी म्हणेल, काय फरक पडतो? काम झाल्याशी मतलब. फरक पडतो, आणि तो कळायला जुनं विमान उडतं करणं म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं. नुसता रंग आणि पॉलिश केलं की झालं, असं ते नसतं. टायगर मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि त्यावर कापड ताणून बसवलेलं. ते कापड किती ताणायचं, त्यावर डोपचे हात कसे द्यायचे, लाकडाचा जोड आतून सुटलाय हे बाहेरून कसं ओळखायचं, हे आपल्या कुठल्याच टेक्स्टबुकात नाही. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो. मुळाशी जास्त नळ्या, टोकाकडे कमी. म्हणजे जिथे बेंडिंग मोमेंट जास्त तिथे मटेरियल जास्त! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं अख्खं युनिट त्या एका पंखात आहे. असा कणा नव्याने बनवायचा तर ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, जुन्या मिश्रधातूला आजचा पर्याय शोधता आला पाहिजे, आणि एनडीटी करून तो पास करण्याची जबाबदारी सही करून घेता आली पाहिजे.

मॉस्किटो या लाकडी बॉम्बरचं उदाहरण घ्या. त्याचं धड दोन अर्ध्या शिंपल्यांसारखं साच्यावर बनवत. युद्धानंतर साचे गेले, विमानंही गेली. न्यूझीलंडमधल्या लोकांनी आधी नव्याने साचे बनवले, मग त्यावर नवं लाकडी धड घडवलं, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये एक मॉस्किटो पुन्हा उडालं. आता हे 'जुनं' विमान म्हणायचं का, असा वाद घालणारे घालतातच. पण गावच्या रथाचं चाक बदललं, दांडा बदलला, तरी आपण रथ नवा झाला असं म्हणत नाही. चाक बदलता येणारा सुतार गावात आहे तोवर रथ चालतो. सुतार गेला की रथ देवळामागे जाऊन पडतो.

ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर हेच शिकवतं. एक्सएच ५५८ हे विमान लोकवर्गणी आणि लॉटरीच्या निधीतून दुरुस्त झालं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये उडालं. मे २०१२ मध्ये त्याची दोन इंजिनं एका झटक्यात निकामी झाली. कारण काय, तर हवा कोरडी राहावी म्हणून आत ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या काढायच्या राहिल्या होत्या! तरीही ते पुन्हा उडालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये मात्र ते कायमचं खाली उतरलं. नुसते पैसे संपले म्हणून नव्हे. त्याच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हात काढून घेतले म्हणून. त्या जातीचं विमान आतून ओळखणारी माणसं निवृत्त होत गेली, आणि माणसं नाहीत तर सही कोण करणार? धातू शाबूत होता, ज्ञान संपत आलं होतं.

आता दुसरी बाजू. ती लपवून मत मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट कसरत करताना रस्त्यावर कोसळलं आणि ११ जण मेले. त्यातले अनेक जण शो बघायलाही आलेले नव्हते, रस्त्याने जात होते. हंटर आपल्याही हवाई दलात होतं, लोंगेवालाच्या लढाईत गाजलेलं. ज्या संस्थेने आपलं लिबरेटर उडतं केलं तिचंच बी-१७ विमान ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रवाशांसह पडलं आणि ७ जण गेले. चौकशीत इंजिनांच्या देखभालीतल्या त्रुटी पुढे आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसला दोन जुनी विमानं हवेत एकमेकांवर आदळून ६ जण गेले. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलाच्या खास जुन्या विमानांच्या तुकडीतलं, म्हणजे जिथे काळजी सर्वांत जास्त घेतली जाते तिथलं, स्पिटफायर पडून वैमानिक गेला.

इतिहास जपण्यासाठी जिवंत माणसाचा जीव जावा का? मुळीच नाही. म्हणूनच म्हटलं, मोजकी आणि पारखून. माझ्या मते नियम सोपे हवेत. विमान हळू उडणारं, साधं, पंख्याच्या इंजिनाचं असावं. इंजिन बंद पडलं तरी मोकळ्या जागेत उतरवता यावं. तिकीट लावून प्रवासी न्यायचे नाहीत. गर्दीवरून, वस्तीवरून कसरती नाहीत, सरळ उड्डाण पुरे. आणि देखभालीचा कागद न् कागद दुसऱ्या माणसाने तपासलेला हवा.

या नियमांत चपखल बसणारं विमान आपल्याकडे आहे, एचटी-२. भारतात आरेखन होऊन बनलेलं हे पहिलं शिकाऊ विमान १९५१ साली उडालं. त्याचे डिझायनर डॉ. विष्णु माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. हो, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बाउंडरी लेयरच्या वेळी आपल्याला छळतात तेच प्रांटल! उडती ठेवायच्या यादीत एचटी-२ चं नाव पहिलं हवं. कारण हे विमान आपण विकत घेतलेलं नाही, आपण विचार करून बनवलेलं आहे. घाटग्यांचा ज्या मारुत या लढाऊ जेटशी संबंध होता ते १९६१ मध्ये उडालं, अशी १४७ विमानं बनली, पण आज उडणारं एकही नाही. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. शाळेच्या सहली त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात.

मग मिग-२१ चं काय? ते उडतं ठेवा असं मी म्हणणार नाही. एकच इंजिन, उतरतानाचा प्रचंड वेग, आणि इजेक्शन सीटपासून सगळ्याच भागांची संपत आलेली मुदत. हा धोका पत्करण्यासारखा नाही. पण उडणं आणि गंजणं यांच्यामध्येही एक पायरी आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट कर्कबीला एक लँकेस्टर बॉम्बर आहे. ते उडत नाही, पण त्याची चारही इंजिनं सुरू होतात आणि ते धावपट्टीवर चालतं. ओझरच्या कारखान्यात शेकडो मिग-२१ जोडली गेली. नाशिक परिसरातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. त्यातलं एक तरी विमान ओझरला इंजिन सुरू होईल अशा स्थितीत का ठेवू नये? ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच तयार झालेलं तेजस उडालं. नवं येतंय याचा आनंदच आहे, पण नवं येताना जुन्याची किल्ली हरवते ती नेमकी अशा वेळी.

कारण वेळ कमी आहे. १९८० च्या दशकात ओझरला पंचविशीत असलेला फिटर आज पासष्टीच्या पुढे आहे. कुठला रिव्हेट कसा बसत नाही आणि तो ड्रॉइंग न बदलता कसा बसवायचा, हे त्याला माहीत आहे. हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि आणखी दहा-पंधरा वर्षांनी ते कोणाकडेच नसेल. जुनी 'विक्रांत' आठवते ना? २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं, पण देखभालीचा भार कोणी उचलला नाही आणि २०१४ मध्ये ती तोडली गेली. प्रेमाने गंज थांबत नाही मित्रांनो!

आपण काय करू शकतो? दरवर्षी फायनल इयरला तेच बॉटल फिलिंग मशीन आणि तोच लाइन फॉलोअर रोबो, आणि तोही निम्म्या वेळा बाजारातून आणलेला. त्याऐवजी महाराष्ट्रात आणि गोव्यात जागोजागी उभ्या असलेल्या जुन्या विमानांपैकी एक दत्तक घ्या. दाभोळीच्या नौदल संग्रहालयात समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी असलेली विमानं म्हणजे कोरोजनचा चालता-बोलता धडा आहे. रीतसर परवानगी काढा, एक भाग मोजा, त्याचं कॅड मॉडेल करा, मटेरियल शोधा, तो नव्याने बनवता येईल का ते तपासा. मेटलर्जीवाल्यांना काम आहे, मेकॅनिकलवाल्यांना आहे, प्रॉडक्शनवाल्यांना तर आहेच. आणि एखाद्या निवृत्त फिटर काकांना गाठून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. व्हायवात एक्स्टर्नलने काहीही विचारलं तरी उत्तर देता येईल, कारण काम स्वतःचं असेल.

पुढचं जुनं विमान जेव्हा आपल्या आकाशात उडेल, तेव्हा ते इंग्लंडहून तयार होऊन आलेलं नसावं. ते ओझरच्या, बंगळूरच्या, कानपूरच्या शेडमधून बाहेर पडलेलं असावं, आणि त्याच्या लॉगबुकातली एखादी सही आपल्यापैकी कोणाची तरी असावी. १९४८ च्या लोकांना भंगाराच्या ढिगासमोर उभं राहून हे जमलं. कॅड, सीएनसी आणि इंटरनेट हाताशी असलेल्या आपल्याला जमू नये?