स्वस्त घर, महाग गाव

परदेशातील एखाद्या शांत किनाऱ्यावर लहानसे, परवडणारे घर घ्यावे ही इच्छा आता केवळ लंडन-बर्लिनच्या निवृत्तांची राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या सुस्थित वर्गातही ती रुजू लागली आहे. रिझर्व्ह बँकेने २००४ साली सुरू केलेल्या योजनेखाली निवासी भारतीयाला वर्षाकाठी २५ हजार डॉलर परदेशी पाठविता येत. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि त्या पैशातून परदेशी घर घेण्यास मुभा आहे. उपनगरातील दोन खोल्यांसाठी दीड-दोन कोटी मोजणाऱ्याला पोर्तुगालच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावर दोन लाख युरोंत घर मिळाले, तर ते स्वस्तच वाटणार. या इच्छेत पाप नाही. परंतु हे घर स्वस्त कोणाला, हा प्रश्न कोणत्याही जाहिरातीत विचारलेला नसतो.

पोर्तुगालमधील किमान वेतन २०२५ साली दरमहा ८७० युरो होते. तेथील प्रथेप्रमाणे वर्षाचे चौदा हप्ते धरले तरी १२,१८० युरो होतात. म्हणजे आल्गार्व्हच्या हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या स्त्रीने अन्नवस्त्रावर एक पैही खर्च न करता सोळा वर्षे कमाई साठविली, तर ते ‘स्वस्त’ घर तिचे होईल. ग्राहकाची स्वस्ताई ही दोन देशांतील मिळकतींच्या तफावतीतून येते. ती तफावत स्थानिक बाजारात उतरली की घराची किंमत गावाच्या वेतनाशी नाते तोडते आणि परक्याच्या बचतीशी नाते जोडते.

याच किनाऱ्याने एकेकाळी वेगळा इतिहास घडविला होता. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर लागूश शहराजवळील मेया प्राया येथे गवती झोपड्यांतून राहणाऱ्या कोळ्यांनी स्वतःची पक्की घरे बांधली. राज्याने तंत्रज्ञ व अर्थसाहाय्य दिले, श्रम रहिवाशांनी घातले. १९७६ च्या राज्यघटनेने ६५ व्या कलमात प्रत्येकाचा निवासाचा हक्क मान्य केला. आज त्याच पुळणीलगत हॉटेले आणि सुटीतील निवासिका उभ्या आहेत.

हे आपोआप घडले नाही. २००९ साली परदेशातून येऊन स्थायिक होणाऱ्यांना भरघोस करसवलत देण्यात आली. २०११ च्या कर्जसंकटानंतर, २०१२ मध्ये, पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्याला निवासाचा परवाना देण्याची योजना आली. पहिला निर्णय समाजवादी पक्षाच्या सरकारचा, दुसरा उजव्या आघाडीचा. आणि २०१५ साली पुन्हा सत्तेवर आलेल्या समाजवाद्यांनी ही दुसरी योजना घरखरेदीपुरती बंद केली ती २०२३ मध्ये, लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. परकीय चलनाच्या मोहात निवास ही निर्यातीची वस्तू कशी बनते, याचा हा धडा समाजवाद्यांनी इतरांआधी शिकावयास हवा.

या व्यवहाराचे समर्थक म्हणतात की पडकी घरे दुरुस्त होतात, गवंड्या-सुतारांना काम मिळते, नगरपालिकेला कर मिळतो. हे खरे आहे. परंतु वर्षातून सहा आठवडे उघडणाऱ्या घराने गावातील शाळा चालत नाही, वाण्याचे दुकानही चालत नाही. ज्या शांततेचे मोल ग्राहक देतो, तिचा काही भाग बंद खिडक्यांची शांतता असतो. परिचारिका, शिक्षक, हॉटेल-कामगार यांनी राहावे कोठे, याचे उत्तर त्या करात नसते.

या प्रश्नाला पुरोगामी उत्तर मिळाले नाही की दुसरे कोणी उत्तर देतो. मार्च २०२४ च्या निवडणुकीत फारू, म्हणजेच आल्गार्व्ह, जिल्ह्यात परदेशी मजुरांविरुद्ध प्रचार करणारा अतिउजवा ‘शेगा’ पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. त्याला कारणे अनेक आहेत. पण घर न मिळणाऱ्याचा राग त्यांतील एक आहे, हे नाकारता येणार नाही. घर विकत घेऊन कुलूप लावणारा परका या प्रचारातून सुटतो. शेतात फळे तोडणारा परका मात्र सापडतो.

उपाय परक्याच्या द्वेषात नाही, कायद्यात आहे. देशात पाच वर्षे वास्तव्य न केलेल्याला डेन्मार्कमध्ये सरकारी परवानगीवाचून सुटीतील घर घेता येत नाही. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातही डेन्मार्कने आपला हा कायदा राखून ठेवला. त्याने त्या देशाची बाजारपेठ कोसळली नाही.

गोव्यात आणि कोकणात डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या ‘दुसऱ्या घरां’कडे पाहणाऱ्यांना यातील कोणतीच गोष्ट परकी वाटू नये. तेथे ग्राहक मुंबई-दिल्लीचा आहे, इतकाच फरक. किनाऱ्यावर ज्यांचे पोट आहे त्यांचे छप्परही तेथेच असले पाहिजे. एखाद्याचे दुसरे घर हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि हा क्रम ठरविण्याचे काम बाजारावर सोडता येणार नाही.