सावळी आहे, पण…

मराठीत मुलीचं वर्णन करणारं एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे : "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे." बोलणाऱ्या मावशींना वाटतं, आपण कौतुक केलं. ज्या मुलीबद्दल ते बोललं जातं, तिच्या कानात मात्र तो 'पण' तेवढा उरतो. गोरं करणाऱ्या क्रीमचा सगळा धंदा या दोन अक्षरांवर उभा राहिला.

जाहिरातीची बाजू मांडणारे म्हणतात, हा 'पण' काही आम्ही आणला नाही. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली, त्याच्या कितीतरी आधीपासून आज्या नातींच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय चोळत होत्या. स्थळांच्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' वधूच हवी असायची. समाजाला जे हवं तेच आम्ही दाखवतो; जाहिरात म्हणजे आरसा.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. रंगाचा भेद जाहिरातीने जन्माला घातलेला नाही. पण मग या शतकाच्या सुरुवातीला गाजलेली 'फेअर अँड लव्हली'ची एक जाहिरात आठवा. घरात पैशाची ओढाताण, मुलगा नाही म्हणून खंतावणारा बाप. मुलगी क्रीम लावते, उजळते, हवाई सुंदरी होते आणि घर सावरतं. दुसऱ्या एका जाहिरातीत तेच क्रीम मुलीला क्रिकेटची समालोचक करून टाकतं. आजीच्या काळी रंगापायी लग्न अडायचं, इथे नोकरी अडू लागली. डाळीच्या पिठाने कधी पगाराचं आश्वासन दिलं नव्हतं. शिकून, कमावून ज्या मुली त्या 'पण'च्या तावडीतून सुटू पाहत होत्या, त्यांना जाहिरातीने नेमकं मुलाखतीच्या दारात गाठलं. जुन्या भीतीची ही नवी शाखा होती, आणि आरसा शाखा काढत नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी लावून धरल्या, तेव्हा २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घ्याव्या लागल्या.

दुसरा युक्तिवाद ठरलेला : बायकांना नटण्याची मुळातच हौस. मग २००५ मध्ये इमामीने खास पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' का काढलं? त्याच्या जाहिरातीत तर मुलींचं क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाचीच टर उडवली होती. म्हणजे पुरुषही तेच करत होते, फक्त लपून. हौस बाईच्या स्वभावातली असती, तर ती अशी दोन्हीकडे खपली नसती. खपते ती कमीपणाची भावना. बाईच्या बाबतीत तिला स्थळापासून नोकरीपर्यंत हजार ठिकाणी खतपाणी मिळतं, एवढाच फरक.

तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे : आजच्या बायका भोळ्या नाहीत, पटलं तरच घेतात. घेतात, हे खरं. पण पटवलं कसं जातं? जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या मानक परिषदेने २०१४ मध्ये नियम केला की, सावळी व्यक्ती दुःखी, कोणाला नकोशी किंवा लग्नात-नोकरीत मागे पडलेली दाखवू नये. 'येथे थुंकू नये' ही पाटी स्वच्छ भिंतीवर कोणी लावत नाही. ट्यूबमध्ये क्रीम असतं, पण विकला जातो 'आत्मविश्वास'. आणि तो विकायचा तर आधी काढून घ्यावा लागतो. आत्मविश्वास असा काढून घेतलेली मुलगी "मला गोरं व्हायचंय" असं म्हणतही नाही. ग्रूप फोटोच्या वेळी ती आपणहून मागच्या रांगेत जाते.

नुकसान मनापुरतंच राहत नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे काही रुग्ण आले, तेव्हा धागा सापडला तो गोरं करणाऱ्या पारायुक्त क्रीमचा. असल्या क्रीमना टीव्हीवर झळकावं लागत नाही. नामांकित जाहिरातींनी जमीन इतकी नांगरून ठेवलेली असते की, कोणीही येऊन काहीही पेरावं.

राहिला शेवटचा बचाव : आता सगळं बदललं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर वर्णभेदावर जगभर गदारोळ उठला आणि जुलै २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'तल्या 'फेअर'चं 'ग्लो' झालं. त्याच सुमारास शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. चांगलंच झालं. पण गोरेपणा गेला तिथे 'निखार' आला, 'उजळपणा' आला. पंचेचाळीस वर्षं ज्या शब्दाने घोकून घेतलं, तो शब्द पाटीवरून पुसला तरी धडा पाठच राहतो.

मग करायचं काय? 'सावळीही सुंदर' अशी उलटी जाहिरात हे पुरेसं उत्तर नाही. त्यातला 'ही' म्हणजे त्या 'पण'चाच सख्खा भाऊ. शिवाय बाईची किंमत रूपावरच ठरते, हे त्यातही गृहीत असतं. खऱ्या सौंदर्याचा गौरव करणारी डव्हची मोहीम २००४ पासून चालवणारी युनिलिव्हर हीच 'फेअर अँड लव्हली'चीही मालक होती. एका हाताने जखम, दुसऱ्या हाताने मलम. हवं आहे ते साधंच. प्रेशर कुकरच्या, बँकेच्या, विम्याच्या जाहिरातीत सावळी बाई दिसावी आणि तिच्या रंगाचा विषयही निघू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड आहे आणि तिच्यात झळकणारे नामवंतही त्यातून सुटत नाहीत. तो कायदा ग्राहकाने वापरावा.

आणि एक काम तर कायद्याविनाही होण्यासारखं आहे. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि रक्तगट यांच्या शेजारी 'वर्ण' असा एक रकाना असतो. सावळ्या मुलींचे आईबाप तिथे घटकाभर थबकतात आणि मग 'निमगोरा' लिहितात. लेकीबद्दलचं ते पहिलं खोटं, घरच्यांच्याच हातचं. तो रकाना खोडून टाकावा. सोबत फोटो असतोच की.