पोट भरल्यावरचा घास

१९७२च्या दुष्काळात परभणी जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी दुष्काळी कामांवर खडी फोडत सुकडी आणि परदेशी मिलोवर दिवस काढले. त्या भुकेने घरांना दोन नियम शिकविले : ताटात टाकू नये आणि वाढताना हात आखडू नये. आज फरसाणाचे डबे भरलेले असतात, नियम मात्र तेच आहेत. मुले दिवसभर चरतात. उरलेले आई संपविते. याला केवळ जिभेचा दोष म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. सबंध घरानेच भाकरी मोजून थापावी, जेवणाच्या वेळा पाळाव्यात आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याला पुन्हा वाढू नये. अन्न वाया जाऊ नये, हे खरेच. परंतु नको असताना खाल्लेले अन्नही वायाच जाते.