गटाचं ॲप : तयार साचा की नवी बांधणी? खर्चापेक्षा मालकीचा प्रश्न मोठा

शेतकरी उत्पादक कंपनीची मीटिंग असली की हल्ली एक विषय हमखास निघतो, 'आपलं ॲप'. सभासदांची यादी, खताची मागणी, कोणाचा किती माल आला, पट्टी किती निघाली, सगळं मोबाईलवर पाहिजे. मागणी रास्तच आहे. वहीतलं सचिवाशिवाय कोणाला लागत नाही.

एक रस्ता 'नो-कोड'चा, म्हणजे कोडिंग न करता तयार साच्यावर ॲप. गुगलचं ॲपशीट त्यातलंच. गुगल शीटमध्ये तक्ता असला की त्यावर ॲप उभं राहतं. एक्सेल येणारा गावातला पोरगाही हे जमवतो. बांधावर रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, रेंज आली की वर जाते. पण भाडं वापरणाऱ्या माणशी, दरमहा, तेही डॉलरच्या हिशेबानं. नोंद करणारे पाच जण असतील तर परवडतं. हजार सभासदांच्या हातात द्यायचं म्हटलं की गणित बिघडतं.

शिवाय साचा दुसऱ्याचा. गुगलचंच 'ॲप मेकर' जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. त्यावरची ॲप थांबली, आणि ती उचलून दुसरीकडे जशीच्या तशी नेता येत नव्हती.

मग शहरातल्या कंपनीकडून स्वतंत्र ॲप करून घ्यावं? वजनकाटा जोडायचा, सभासदांचे हप्ते-व्याज काढायचं असेल तर तेच बरं. पण बांधणीचा खर्च एकदाच होतो, हा गैरसमज. सर्व्हरचं भाडं चालूच राहतं. नव्या अँड्रॉइडप्रमाणे ॲप वेळोवेळी सुधारलं नाही, तर नवा फोन घेतलेल्या सभासदाला ते प्ले स्टोअरवर सापडतही नाही.

खरी मेख पुढेच आहे. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं संचालक धरून चालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. बाहेरच्याकडून करून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क लेखी करून घेतला नाही, तर तो सहसा बनवणाऱ्याकडेच राहतो. उद्या त्याच्याशी बिनसलं तर दुसऱ्याकडे काय नेणार? करारात हे एक वाक्य नसेल तर सही करू नये.

एक हंगाम साध्या शीटवर काढून बघणं सगळ्यात स्वस्त. नेमकं काय लागतं ते तूरखरेदीच्या गर्दीत आपोआप कळतं. फक्त ती शीट पोराच्या खासगी जीमेलवर नको. कंपनीच्या नावाचं खातं उघडून पासवर्ड दोन संचालकांकडे ठेवावा, तसा ठरावही घ्यावा. पोरगं पुण्याला नोकरीला गेलं की सभासदांची यादी त्याच्याच खात्यात राहते.